कपाटातला याशिका बाहेर काढल्यावर

शटर जरा सुस्त वाटत होतं म्हणून मी आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कॅमेऱ्यात सोडला. दोन दिवस शटर झकास चाललं. तिसऱ्या दिवशी तेल पात्यांवर पसरलं, पाती एकमेकांना चिकटली आणि कॅमेरा ठार गप्प झाला. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीतला माझा पहिला धडा हा असा. त्या कॅमेऱ्याला वयाने काही झालं नव्हतं, मारला तो मी.

म्हणून या लेखात कामांचा क्रम बाहेरून आत असा ठेवला आहे. आधी नुसतं बघायचं, मग ऐकायचं, मग न उघडता जे करता येतं ते करायचं आणि अगदी शेवटी स्क्रू. बरेचसे कॅमेरे तिसऱ्या टप्प्यावरच चालू होतात.

उदाहरणाला याशिका इलेक्ट्रो ३५ घेतला आहे, कारण आपल्याकडे मामा-काकांच्या कपाटातून रेंजफाइंडर निघाला तर तो हाच असायची शक्यता बरीच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातही तो दिसतो. हे मॉडेल जपानमध्ये १९६६ साली आलं. नंतर त्याच घराण्यात जी, जीएस आणि १९७३ च्या सुमारास जीएसएन निघाले. काळ्या रंगातले ते जीटी आणि जीटीएन. लेन्स ४५ मिलिमीटर, एफ १.७, आणि आजही ती लाजवणार नाही अशी आहे. कॅनोनेट, मिनोल्टा हाय-मॅटिक, कोनिका ऑटो एस२ हे साधारण त्याच जातीचे. खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल, बॅटरी आणि बटणांचा तपशील मात्र वेगळा असेल.

रेंजफाइंडर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. समोर दोन खिडक्या असतात, एक मोठी आणि एक छोटी. छोट्या खिडकीतलं चित्र आरशावरून वळून मोठ्या खिडकीतल्या चित्रावर पिवळसर ठिपक्याच्या रूपात पडतं. लेन्स फिरवली की एक दांडी तो आरसा किंचित हलवते आणि दोन चित्रं जुळली की फोकस बसला. डोळा लेन्समधून बघत नाही, म्हणून लेन्सवर झाकण असतानाही सगळं स्वच्छ दिसतं. पहिल्या रोलचे दोन-चार फोटो काळे येतात ते यामुळेच.

आधी नुसतं बघा

मोबाइलची टॉर्च घ्या. लेन्सवर समोरून तिरका उजेड टाका. मग मागचं दार उघडा, फोकस अनंतावर ठेवा आणि मागूनही बघा. जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. दुधाळ पडदा दिसला तर ते धुकं, म्हणजे वर्षानुवर्षं ग्रीसमधून उडून काचेवर बसलेला तेलकट थर. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटला आहे. धूळ आणि एखादा ओरखडा यांची काळजी करू नका, फोटोत त्यांचा पत्ताही लागत नाही. धुकं मात्र लागतं. फोटो फिकट आणि मरगळलेले येतात.

विकत घेत असाल तर बाल्सम सुटलेली लेन्स सरळ नाकारा. ती घरी दुरुस्त होत नाही.

बॅटरी

या कॅमेऱ्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. बॅटरी नसेल तर तो नेहमी १/५०० सेकंदावरच उडतो. त्यामुळे बाजारात "चालतोय ना साहेब" म्हणून खट् आवाज काढून दाखवला, तर त्यावरून काहीच कळत नाही.

मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. तसल्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्याऐवजी ६ व्होल्टची ४एलआर४४ वापरतात, किंवा चार एलआर४४ बटणसेल एकावर एक रचतात. आकार मात्र लहान पडतो: खाचेपेक्षा उंचीला कमी आणि जाडीलाही कमी. विकतचा अडॅप्टर मिळतो, पण सुरुवातीला पुठ्ठ्याची सुरळी करून बॅटरी मधोमध बसवा आणि उरलेल्या उंचीत बॉलपेनातली स्प्रिंग किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा घाला. फॉइल बाजूला धातूला टेकता कामा नये. अधिक-उणे खाचेतल्या खुणेप्रमाणे ठेवा. ०.४ व्होल्टच्या फरकाने निगेटिव्ह फिल्मवर जाणवण्याइतकं काही बिघडत नाही.

आत जुनी पाऱ्याची बॅटरी सापडली तर ती फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका. पिशवीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

खाचेत पांढरा किंवा हिरवा थर असेल तर बॅटरी गळलेली आहे. ही गळती अल्कधर्मी असते, म्हणून इअरबडवर पांढरं व्हिनेगर घेऊन थोडं थोडं पुसा. ओघळ आत जाऊ देऊ नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. मोबाइल दुरुस्तीवाले 'आयपीए' म्हणून जे वापरतात तेच हे. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पत्र्याचा संपर्क अजून काळा असेल तर पेन्सिलच्या टोकाएवढा बारीक सँडपेपर दोनदा फिरवा. एवढं करूनही वीज पोचत नसेल तर खाचेच्या मागची वायर गंजून तुटली असणार. ते सोल्डरिंगचं काम आहे, पुढच्यासाठी ठेवा.

आता बॅटरी तपासायचं बटण दाबा. फ्रेमच्या आकड्याची खिडकी हिरवी उजळली की अर्धी लढाई जिंकली.

ऐका

लेन्सवरची कडी 'ऑटो'वर ठेवा आणि फिल्म न घालता, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढा. लिव्हर ओढताना आतून 'ठक्' असा एक जाड आवाज यायला हवा. हा आवाज या कॅमेऱ्याची नाडी आहे. आत एका दांडीखाली रबराचा छोटा तुकडा असतो. पन्नास वर्षांत त्याचा भुगा होतो, दांडी पुरती मागे जात नाही, ठक् बंद होतो आणि एक्स्पोजरचं, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा त्याचं, गणित बिघडतं. जगभरचे इलेक्ट्रोवाले त्याला 'मरणाचा तुकडा' म्हणतात. बदलता येतो, पण त्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो. पहिल्याच कॅमेऱ्यावर हे करू नका. ठक् येत नसेल तर भावात घासाघीस करायला कारण मिळालं, असं समजा.

मग बटण अर्धं दाबा. अंधाऱ्या कोपऱ्याकडे कॅमेरा धरला की पिवळा बाण लागायला हवा, म्हणजे शटर १/३० पेक्षा मंद जाणार. छिद्र (ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे धरलं की लाल बाण, म्हणजे १/५०० सुद्धा पुरत नाही. लेन्स आणि वरचा प्रकाशाचा डोळा दोन्ही हाताने झाकून बटण दाबा. शटर उघडून तसंच राहील. हात काढला की मिटेल. हे झालं तर इलेक्ट्रॉनिक्स जिवंत आहे.

उजेडाचं मोजमाप कितपत बरोबर आहे, ते पिवळ्या बाणावरून काढता येतं. घरातल्या एकसारख्या उजेडातल्या भिंतीकडे कॅमेरा धरा आणि छिद्र एकेक घर बारीक करत जा. ज्या आकड्याला पिवळा बाण पहिल्यांदा लागतो, तिथे कॅमेरा १/३० मोजतो आहे. मोबाइलवरच्या लाइट मीटर ॲपमध्ये कॅमेऱ्यावर लावलेलाच एएसए (फिल्मच्या वेगाचा आकडा, आताचा आयएसओ) आणि १/३० टाकून त्याच भिंतीसाठी कोणता आकडा येतो बघा. एका घराचा फरक असेल तर एएसएची तबकडी तेवढी सरकवून कायम तशीच वापरा. तीन घरांचा असेल तर आत काहीतरी बिघडलं आहे.

काळा चिकटा: इथून हात घाला

मागचं दार जिथे मिटतं, त्या खाचांमध्ये काळा फोम असतो. आता तो डांबरासारखा झालेला असेल. बोटाला लागला तर दिवसभर निघत नाही. नवशिक्याने सर्वात आधी हे काम करावं. काही बिघडत नाही, आणि फायदा ताबडतोब दिसतो.

टूथपिकला आयपीए लावून खाचांमधला चिकटा उकरा. घाई नको, एक तास लागतो. शटरच्या बाजूला भुगा पडू नये म्हणून फिल्मच्या चौकटीवर कागद चिकटपट्टीने लावून ठेवा. खाच कोरडी झाली की काळी लोकर घ्या, दोन पदरी, आणि टूथपिकने खाचेत दाबून बसवा. गोंदाचीही गरज नाही. बिजागरीच्या बाजूला रुंद पट्टी लागते. तिथे काळी मखमल किंवा दीड-दोन मिलिमीटरचा काळा फोम कापून चिकटवा. दार मिटताना जोर लागत असेल तर पट्टी जाड झाली आहे, बदला. जबरदस्तीने मिटवलं तर दाराची कडी वाकते.

कातडं सुटलं असेल तर फेविबाँडचा पातळ हात पुरतो. त्याआधी खाली हिरवट थर आहे का बघा. पितळाचा गंज असतो तो, खरवडून मगच चिकटवा.

बुरशी, आणि आपला पावसाळा

जपानी कारखान्यात या कॅमेऱ्याने कल्पना केली नसेल असा शत्रू त्याला कोकणात आणि मुंबईत भेटतो. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा अनेकदा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. त्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये, केस कपाटात, कपाट बाहेरच्या भिंतीला लागून! बुरशीला याहून चांगली सासुरवाडी मिळणार नाही. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून केस कितीही देखणी असली तरी कॅमेरा त्यात ठेवू नका. केस वेगळी, कॅमेरा वेगळा.

ठेवायचा कसा? स्वयंपाकघरातला रबरी कडीचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हवा. त्याहून फार कोरडं झालं तर ग्रीस आणि कातडं सुकतं. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पिठाची धूळ आत जाते. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळी बटणं, कड्या फिरवा, लेन्सला उजेड दाखवा.

आधीच लागलेल्या बुरशीचं काय? पुढच्या काचेच्या आत असेल तर प्रयत्न करता येतो. लेन्सवर नाव कोरलेली पुढची कडी असते. बाथरूमच्या नळीचं किंवा बाटलीचं सपाट रबरी बूच तिच्यावर दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. कडी निघाली की आत दोन खाचांची दुसरी कडी दिसते. तिला लेन्स स्पॅनर लागतो. कात्रीची टोकं वापरू नका. घसरली की काचेवर कायमची सही होते. पुढच्या काचांचा गट निघताना मागे पातळ वॉशर आला तर तो नेमका कुठे होता त्याचा फोटो काढा. तो हरवला तर फोकस बदलतो.

काच हातात आल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवा. मग केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड स्वच्छ कापसावर घेऊन हलक्या हाताने गोल फिरवा, पाच मिनिटं थांबा, आयपीएने पुसा. घासायचं नाही. बुरशी गेली तरी खाली तिच्या आकाराची नक्षी उरली तर समजा की बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लं. ते परत येत नाही, पण फोटोही फारसा बिघडत नाही. नक्षी पुसायच्या नादात उरलेलं कोटिंग घालवणारे मी पाहिलेत.

पुढचा गट निघालेला असताना शटरची पाती समोर उघडी असतात. तेलकट दिसत असतील तर लायटर फ्लुइड, म्हणजे नॅफ्था, इअरबडवर घेऊन पुसा, शटर उडवा, पुन्हा पुसा. आठ-दहा वेळा. थेंब सोडून भिजवू मात्र नका, तेल विरघळून आणखी आत जातं. पानटपरीवर मिळतो तो लायटरचा गॅस, ते हे नव्हे. नाहीच मिळालं तर आयपीए चालेल. आणि शिलाई मशीनचं तेल कुठे ठेवायचं ते आता सांगायला नको.

ठिपका दिसत नाही, किंवा जुळत नाही

दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

ठिपका फिका असेल तर आधी बाहेरच्या खिडक्या पुसा. नंतर एक जुनी युक्ती: मोठ्या खिडकीच्या मध्यभागी काळ्या टेपचा बारीक तुकडा लावा. तिथली मूळ प्रतिमा मंद होते आणि ठिपका उठून दिसतो. बऱ्याच जणांना एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. आतली सफाई करायची तर वरचं झाकण काढावं लागतं, आणि आत जो अर्धपारदर्शक आरसा आहे त्याला इअरबडसुद्धा लावायचा नाही. त्याचा मुलामा नुसत्या पुसण्याने निघून येतो, मग ठिपका कायमचा गेला. फक्त ब्लोअर.

ठिपका जुळत नसेल तर तपासा: लेन्स अनंतावर टेकवा आणि अर्धा किलोमीटर तरी लांब असलेली उभी रेघ बघा. मोबाइलचा टॉवर उत्तम, रात्री चंद्र. दोन प्रतिमा एक दिसायला हव्यात. मग टेपने मोजून एक मीटरवर पुस्तकाची कड ठेवून बघा. अनंत बरोबर आणि जवळचं चूक असेल तर मामला दांडीचा आहे, तो तज्ज्ञाकडे. दोन्हीकडे सारखंच सरकलं असेल तर स्क्रूने सुटतं, पण इलेक्ट्रोत त्यासाठी झाकण उघडावं लागतं.

याच बाबतीत सोव्हिएत कॅमेरे सुखाचे. क्रास्नोगोर्स्कचा झोर्की-४ किंवा खार्किवचा फेड-२ असेल तर झाकण न काढता ठिपका जुळवता येतो. समोरच्या छोट्या खिडकीशेजारी एक स्क्रू असतो. तो काढला की आत दुसरा दिसतो, तो आडवा फरक जुळवतो. उभा फरक असेल तर छोट्या गोल खिडकीची बाहेरची कडी काढून आतली काच किंचित फिरवायची. काच फिरवली की आडवाही थोडा हलतो, म्हणून दोन्ही आलटून पालटून. या कॅमेऱ्यांचे दोन नियम मात्र पाठ करा. शटर आधी ओढायचं, वेग त्यानंतर बदलायचा. उलट केलंत तर आतली यंत्रणा मोडू शकते. आणि उघडी लेन्स उन्हाकडे ठेवून कॅमेरा टेबलावर सोडायचा नाही. पडदा कापडाचा आहे, भिंगाने कागद जाळतो तसं त्याला भोक पडतं.

स्क्रूला हात लावायचाच असेल तर

जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही, घसरतो आणि खाच घासून टाकतो. स्क्रू वितळल्यासारखे दिसणारे जे कॅमेरे बाजारात येतात, ते यामुळेच. शून्य आणि दोन शून्य मापाचे जेआयएस ड्रायव्हर मागवा. ऐंशी टक्के ताकद दाबायला आणि वीस टक्के फिरवायला, हे प्रमाण हाताला लागू द्या. हलत नसेल तर स्क्रूवर थेंबभर ॲसिटोन सोडून दहा मिनिटं थांबा. रंग आणि प्लास्टिकला ॲसिटोन लागू देऊ नका.

खाली पांढरा टॉवेल अंथरा, स्क्रू पडला तर उडून जात नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने घरं भरत जा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या. परत जोडताना स्क्रू आधी उलटा फिरवा. 'टिक' करून आटा खाली बसला की मग सुलटा. नाहीतर जुन्या ॲल्युमिनियमचे आटे मरतात.

फोकसची कडी जड असेल तर ती जडच वापरा. त्यात काहीही सोडलंत तर जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं.

पहिला रोल

फिल्म स्वस्त नाही, म्हणून चाचणीचा रोल ३६ चा नको असं वाटेल. पण घ्या ३६ चाच, निम्मा तपासणीला आणि निम्मा घरच्यांना. प्रत्येक फ्रेमला छिद्र आणि जागा वहीत लिहा.

घरात खिडकीजवळ टेबलावर दहा-दहा सेंटिमीटर अंतराने स्टीलच्या सात वाट्या तिरक्या रांगेत मांडा. मधल्या वाटीच्या कडेवर बरोबर एक मीटर अंतरावरून ठिपका जुळवा आणि एफ १.७ वर फोटो घ्या. उन्हात नको, लाल बाण लागेल. या अंतरावर स्पष्ट पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो, म्हणजे एकच वाटी धारदार यायला हवी. मधलीऐवजी मागची आली तर ठिपका खोटं बोलतोय, आणि किती खोटं तेही कळलं. मग भर उन्हात एफ १६ वर दोन फोटो, सावलीत दोन, आणि संध्याकाळी कॅमेरा भिंतीवर टेकवून पिवळ्या बाणातले दोन.

निगेटिव्ह आल्यावर प्रिंटच्या आधी तीच उजेडाकडे धरून बघा. सगळ्या फ्रेम गडद असतील तर शटर मंद आहे. फक्त उन्हातल्या गडद असतील तर पाती वेगात अडकताहेत, नॅफ्थाचा हात पुन्हा फिरवा. एकामागून एक फ्रेम पूर्ण कोऱ्या असतील तर बहुधा झाकण राहिलं होतं. आणि प्रिंटवर नारिंगी-लाल ओघळ आले असतील तर उजेड दारातून, फिल्मच्या पाठीमागून आला आहे. मागून आलेला उजेड लाल रंगाच्या थराला आधी लागतो, म्हणून डाग त्या रंगाचा. बिजागरीजवळची मखमल पुन्हा एकदा तपासा. माझ्या कॅमेऱ्यात ती अर्ध्या बोटाने आखूड कापली गेली होती.